दादाच्या नावाची चिठ्ठी

२८ डिसेंबर ९७, रविवार. मुरबाड

उपासना संपून चपला शोधतेय तोच पाळकसाहेबांची हाक. पुण्याहून वचनांच्या छापील चिठ्ठ्या आल्याच नाहीत. "रुथ, तुझं अक्षर चांगलं. यंदा तू लिही. साठ पुरेत." आजवर एक तारखेला ताटातली चिठ्ठी उचलायची एवढंच माहीत. माणशी एक, आणि शास्त्रातलं जे वचन निघेल ते त्या माणसाचं वर्षभराचं. आता लिहिणारी मी. शाळेत फळा लिहून मनगट मोडतंय, पण नाही कोण म्हणणार. आतून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला लिहू.

घरी आल्याबरोबर जुन्या लग्नपत्रिका काढून कोऱ्या बाजूच्या पट्ट्या कापल्या. आई शिलाईमशीनवरून म्हणते, "चांगली चांगली लिही गो. रडकी नको." म्हटलं, शास्त्र आहे ते, खानावळीचा फळा नाही. हसली. या नाताळात पहिल्यांदा.

३० डिसें., मंगळ

चाळीस झाल्या. शाळेला नाताळची सुट्टी नाही पण मी रजा घेतलीय. वेगळ्या पानावर यादी करतेय, नाहीतर एकच वचन दोनदा जायचं.

आई दरवर्षी तीन उचलते. स्वतःची, माझी आणि दादाची. दादा घरात नाही तरी उचलते. पा.सा. (पाळकसाहेब, दर वेळी एवढं कोण लिहीत बसणार) काही बोलत नाहीत. गेल्या साली दादाच्या नावानं निघालं ते रडण्याबद्दल होतं. त्याच्या आदल्या साली वाट चुकलेल्यांबद्दल. दोन्ही वेळा आठवडाभर घरात धड स्वयंपाक नाही.

सव्वादोन वर्षं झाली. दादाची कंपनीतली नोकरी गेली. बाबांनीच चार लोकांकडे शब्द टाकून लावली होती ती. त्या घोरात बाबांचं हृदय बंद पडलं. मातीच्या तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर आई दादाला म्हणाली, "तूच घेतलास त्यांचा जीव." दादानं पिशवी उचलली आणि गेला. पत्र नाही, निरोप नाही. आईनं ते वाक्य परत कधी उच्चारलं नाही. पण रात्रंदिवस ती तेच चघळते, मला माहीत आहे.

१ जानेवारी ९८, गुरुवार

लिहू की नको. लिहितेच. ही वही कोण वाचणार आहे.

ताट घेऊन फिरायला पा.सा.नी मलाच सांगितलं. चिठ्ठ्यांच्या सुरळ्या, वर रुमाल. साठातली एक मी पहाटेच बाजूला काढलेली. दूर गेलेली लेकरं आपल्या घरी परत येतील, अशा अर्थाचं ते वचन. ती ताटाच्या काठाशी अंगठ्याखाली दाबून धरली. आमची चौदा घरं, दादा धरून पंचेचाळीस माणसं, आणि आमचा नंबर शेवटचा. हाताला घाम. आईनं स्वतःची उचलली, माझी उचलली, मग डोळे मिटून दादाच्या नावानं हात पुढे केला आणि मी अंगठा उचलला. सुरळी बरोबर तिच्या बोटांत.

तिनं वाचलं. परत वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. ते तोंड मी बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

पाप झालं का? झालं असेल. पण आज तिनं दोन चपात्या जास्त खाल्ल्या आणि भांडी घासताना गाणं म्हटलं. देवा, तू समोरच होतास, तुला वेगळं काय सांगू.

३ जाने., शनि

आईनं निळ्या रेघांचं कापड काढलं. दादासाठी शर्ट. माप कुठलं? "मला पाठ आहे." म्हटलं, दोन वर्षांत माणूस जाड होतो. "मग आत शिलाई सोडून ठेवते." गादी उन्हात टाकली. शेजारच्या किराणावाल्या शेठकडे फोन आहे, त्यांना सांगून आली, दानिएलचा फोन आला तर दुकान बंद असलं तरी हाक मारा. शेठ मला विचारतात, "पत्र आलं काय गो?" मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

मजा वाटतेय आणि भीतीही वाटतेय. दोन्ही एकदम.

९ जाने., शुक्र

आईला न्हाऊ घालत होते. हात वर केला तेव्हा दिसली. उजव्या छातीत, काखेच्या बाजूला, आवळ्याएवढी गाठ.

"कधीपासून आहे?"
"असंल, पावसाळ्यापासून."
"आणि सांगितलं नाहीस?"
"दुखत नाय, खुपत नाय. काय सांगायचं?"

मी ओरडले. शेठच्या दुकानात ऐकू गेलं असणार. मग तिच्या डोक्यावर पाणी ओतत राहिले, बादली संपली तरी तांब्या घालत होते.

१६ जाने., शुक्र

या आठवड्यात दोनदा कल्याण. मंगळवारी सुई घालून तपासायला घेतलं, आज रिपोर्ट. डॉक्टरीणबाई सरळ बोलल्या, मला ते आवडलं. ऑपरेशन लागणार. वेळेत केलं तर बरं होण्याची चांगली आशा आहे, पण मार्चच्या मध्यापलीकडे जाऊ देऊ नका. तीन फेब्रुवारी देऊ?

आई शांतपणे म्हणाली, "मुलगा येऊ दे. मग."

बाईंना वाटलं मुलगा आठवडाभरात येतोय. त्यांनी मान हलवली. मी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत बसले.

परतताना जीपमध्ये विचारलं, आई, तो कधी येईल काय ठाऊक? म्हणाली, "देवानं सांगितलंय येनार. त्याची माफी मागितल्याबिगर मी त्या टेबलावर झोपायची नाय. तिथून उठलेच नाय तर? बाबांसारखं त्याच्या मानेवर मीपन?"

देवानं कुठलं, माझ्या अंगठ्यानं सांगितलं. तोंडाशी आलं होतं. जीपमध्ये चौदा माणसं होती. चौदा नसती तरी बोलले असते का, कुणास ठाऊक.

१७ जाने., शनि

अक्षर बघ कसं येतंय.

सकाळची शाळा सुटली, वाडीवरून उतरून धसईत आले. भोईरमामांची जीप उभी. सहा वर्षं मी त्यांच्याच जीपनं शाळेला जातेय. मला पुढची जागा देऊन म्हणतात, "बाय, तुजा भाव पायला गो काल. म्हशाच्या जत्रंत. पालन्याच्या जनरेटरपाशी बसला व्हता."

"दादा? नक्की?"
"दाडी वाडवलीन. पन तोच. मी हाक मारली तं मान खाली घातलीन."

आकाशपाळणा. दादाला कंपनीत विजेच्या मोटारींना तार गुंडाळायचं काम होतं, जनरेटर तर तो डोळे मिटून उघडेल. दोन वर्षं मी त्याला गोव्यात शोधत होते मनात, सुरतेत शोधत होते, कधी कधी रुळांवरही. आणि तो म्हशाला, आमच्यापासून एका जीपच्या अंतरावर. देवा, हे काय चालवलंयस?

आईला अजून सांगितलं नाही. आधी स्वतः बघून येते.

१८ जाने., रवि

उपासना बुडवली. आईला सांगितलं शाळेचं काम आहे. हे दुसरं खोटं.

म्हशाला पाय ठेवायला जागा नाही. बैल, घोंगड्या, मिठाई, धूळ. तिघा जणांनी मला बैल विकायचा प्रयत्न केला. पाळणा लांबूनच दिसला आणि मी चक्क पळत सुटले, साडी वर धरून, बाई म्हणून काही लाज न ठेवता.

दादा नव्हता. पाळण्याचे मालक म्हातारे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. "दानी? अपना लाइटवाला. आज सुबह ही गया. एक जनरेटर लेके पुढे पाठवला त्याला. शिवरात्रीला अंबरनाथला पाळणा लागेल, तब आना." मामांच्या हाकेनंच निसटला असणार, मला माहीत आहे तो.

हजेरीच्या वहीचं मागचं पान फाडून लिहिलं, आईला गाठ आहे, ऑपरेशन आहे, ये. चाचांनी खिशात ठेवलं. विचारलं, जेवतो का तो नीट? म्हणाले, "खाता है, बोलता नहीं."

म्हणजे आहे. जेवतो. काम करतो. चाचांनी मला पाळण्यात बसवलं, नको नको म्हणताना. वर गेल्यावर सगळा म्हसा दिसला, हजारो बैलांच्या पाठी आणि डोंगर. मी हसत होते आणि रडत होते आणि शेजारची बाई घाबरून दांडा धरून बसली होती.

मी लबाडी केली आणि तू ती खरी करायला घेतलीस की काय? असं करतोस तू? कुणाला विचारू?

१९ जाने., सोम

राहवलं नाही, आईला सगळं सांगितलं. म्हणजे जत्रेतलं. ताटाचं नाही.

तिनं डोळे मिटून हात जोडले, बराच वेळ. मग म्हणाली, "बघ. वचन खोटं पडत नाय." आणि तीन तारखेचं ऑपरेशन? "शिवरात्र होऊ दे. आता काय, महिन्याचा प्रश्न."

मूर्ख आहे मी. शुद्ध मूर्ख. आशा द्यायला गेले आणि तिला आणखी घट्ट बांधून ठेवलं.

३ फेब्रुवारी, मंगळ

आज ऑपरेशन व्हायचं होतं. आई शर्टाला काजं करत बसली होती. उजवा हात दुखतो हल्ली, कात्री डाव्या हातात घेते. मी बघते हे तिला आवडत नाही.

वाडीवरची कमळी पोराला शाळेत सोडायला आली, पदरात वालाच्या शेंगा. "घ्या बाई. तोंड का उतारलाय तुमचा?" सांगितलं, आई आजारी आहे. म्हणाली, "मंग हितं काय करताव? पोरांना काय, आमी बघू." सगळ्यांना सरळ दिसतं. मलाच दिसत नाही.

८ फेब्रु., रवि

पा.सा.ना सांगून टाकलं. उपासनेनंतर ते सायकलच्या साखळीला तेल देत होते. मी उभ्या उभ्या सगळं बोलले, अंगठ्यासकट. त्यांचा हात थांबला. चष्मा काढून पुसला, तेलाच्याच बोटांनी, मग काहीच दिसेना त्यांना.

"कुठलं वचन?"
सांगितलं.
"निवड चांगली केलीस." साखळी फिरवत, "आईला सांगितलंस?"

म्हटलं, तो आला की सांगायची गरजच उरणार नाही. त्यावर म्हणाले, "म्हणजे आला तर देवानं आणला, नाही आला तर देव खोटा. आणि मधे तू कुठेच नाहीस. असं कसं चालेल, रुथ?"

मी वाद घातला. आशेनं माणूस जगतो, तुम्हीच सांगता ना? "सांगतो. मग तिला आशेवर उभी राहू दे. तुझ्या अंगठ्यावर कशाला उभी करतेस? जा, सांग. प्रार्थना मी करतो. बोलायचं तू."

रागानं निघून आले. घरी आल्यावर आईला सांगितलं का? नाही. भाजी निवडली.

१८ फेब्रु., बुध

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. गाठ थोडी वाढलीय. मला बाहेर बोलावून झापलं, शिकलेल्या ना तुम्ही? शिक्षिका ना? अकरा मार्च ही शेवटची तारीख देते, नंतर मला विचारू नका.

आठवडा राहिलाय शिवरात्रीला. शर्ट तयार आहे, इस्त्री करून वर्तमानपत्रात गुंडाळलाय. आई म्हणते, "त्याला तिथंच घालायला लाव. मग दोघं मिळून या." दोघं मिळून या. जणू तो बाजारात गेलाय.

२५ फेब्रु., बुधवार

भेटला. दादा भेटला.

अंबरनाथच्या जत्रेत पाळण्याच्या मागे जनरेटर धडधडत होता आणि त्याच्याशेजारी स्टुलावर तो. दाढी, हात कोपरापर्यंत काळे, बाबांसारखाच एक खांदा वाकडा करून बसलेला. मला बघून उठला. पळाला नाही. पाळणा भरलेला, मशीन बंद करता येईना, म्हणून सव्वादोन वर्षांचं सगळं बोलणं आम्ही ओरडून केलं.

"तिनं पाठवलं?"
"शर्ट तिनं पाठवलाय. आले मी माझी."
"अजून तसंच म्हणते का ती?"
"तुझी माफी मागायला थांबलीय. त्यासाठी ऑपरेशन करू देत नाहीये. गाठ वाढलीय, दादा."

हे मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की तिकीट काढायला उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. तो मीटरकडे बघत राहिला. मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, "मी आलो, तिला आत नेली आणि ती उठलीच नाय, तर? परत माझ्याच डोक्यावर ना?"

आई तिकडे हेच म्हणते, हा इकडे हेच म्हणतो, आणि मधे गाठ वाढतेय.

चहा पाजला त्यानं. शर्ट अंगाला लावून बघितला, "बाह्या आखूड होतील," म्हणाला. मग स्वच्छ फडक्यात गुंडाळून पाळण्याच्या गल्ल्याखाली ठेवला. निघताना म्हणाला, "येतो असं सांगू नको तिला. येनार नाय असंपन सांगू नको." होळीपर्यंत पाळणा शहापूरच्या बाजूला, सापगावजवळ.

खूप आनंद झालाय आणि खूप भीती वाटतेय. त्याच्या दाढीत दोन पांढरे केस आहेत.

२६ फेब्रु., गुरु

सांगितलं. सगळं.

आधी जत्रेतलं, तो जसं बोलला तसं. तिनं एकच विचारलं, "शर्ट घेतलान?" घेतला म्हटलं. चेहरा फुलला. "वचन आहेच ना," म्हणाली, आणि त्या शब्दाला मी थांबवलं तिला. आई, ती चिठ्ठी तू नाही उचललीस. मी दिली तुझ्या हातात.

तिला कळायला वेळ लागला. मी अंगठा करून दाखवला.

"देवाच्या ताटात हात घातलास तू?"

मशीनवर झाकण घातलं. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली, दुपारी तीन वाजता.

२८ फेब्रु., शनि

तिसरा दिवस. आई ताट वाढते, समोर ठेवते, बोलत नाही. भांडली असती तर बरं. मी आणि आई कडाकडा भांडणाऱ्या बायका, ही शांतता आमच्या घरातली नाही.

प्रार्थनेला बसले. शब्द आले नाहीत. नुसती बसून राहिले, तेवढंच जमलं. पण एक लिहिते, इथे खोटं चालत नाही: सांगितल्यापासून मला नीट झोप लागतेय. लाज वाटते, पण लागतेय.

१ मार्च, रविवार

काय दिवस.

उपासना संपल्यावर आई उठली. सगळ्यांसमोर पा.सा.ना म्हणाली, "साहेब, जानेवारीच्या चिठ्ठ्या उरल्यात का?" पंधरा उरलेल्या, बिस्किटाच्या डब्यात. "ताटात घाला. मला माझ्या पोराची उचलायची राहिलीय."

कुणाला काही कळेना. पा.सा.नी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ताट काढलं, चिठ्ठ्या ओतल्या, स्वतः हलवल्या, स्वतः धरलं. दोन्ही हात खालून. मी पार मागच्या बाकावर जाऊन बसले.

आईनं डोळे उघडे ठेवून उचलली. वाचली. तोंडावर काही दिसलं नाही, ना हसू ना रडू. घडी करून पोलक्यात ठेवली. आणि रस्त्यात, माझ्याशी तीन दिवसांनी पहिला शब्द: "अकरा तारीख म्हणाल्या ना त्या बाई?"

"हो."
"मग सांग त्यांना. येते म्हणावं."
"दादा?"
"त्याचं तो बघंल."

मला रस्त्यात नाचावंसं वाटलं. नाचले नाही. पण तिची पिशवी घेतली आणि इतक्या भराभर चालले की ती मागून म्हणते, "अगो, आजारी मी हाय ना?"

२ मार्च, सोम

कुठली चिठ्ठी निघाली? साठही माझ्या हातच्या. दादा परत येतो असं सांगणारं दुसरं वचन त्यात नव्हतं, एवढं पक्कं. मग कशानं उठली ती?

शाळेतून येताना पा.सा.कडे गेले. डबा मागितला, त्यांनी मुकाट दिला. यादी माझ्याकडे आहेच, एक तारखेला ज्यानं त्यानं वाचून दाखवलेल्यांवर खुणाही केलेल्या. उरलेल्या पंधरातल्या चौदा जुळवल्या की पंधरावी कळते. चार उघडल्या, चारांवर खूण केली. पाचवी हातात घेतली आणि हात पुढे जाईना. ती चिठ्ठी आईची आणि देवाची आणि दादाची आहे. मी तिच्यात कुठेच नाही, आणि तसंच असायला हवं.

सुरळ्या करून ठेवल्या परत. यादीचं पान चुलीत घातलं. चहा मात्र छान झाला त्यावर.

५ मार्च, गुरु

आईनं पत्र सांगितलं, मी लिहिलं. तिचंच इथं उतरवून ठेवते.

"दानिएल, बाबांच्या वेळी मी बोलले ते खोटं होतं. तेव्हाही खोटं होतं. तू आलास तरी खोटं, नाय आलास तरी खोटंच. बुधवारी माझं ऑपरेशन आहे. मी उठले नाही तर ते माझ्या गाठीमुळं, तुझ्यामुळं नाय. शर्टाची आत शिलाई सोडलेली आहे, बाह्या वाढवून घे. आई."

बाह्यांचं मी तिला सांगितलं होतं.

लिहिताना मला दिसेना. ती म्हणाली, "रडून अक्षर बिघडवू नको. शिक्षिका ना तू?"

७ मार्च, शनि

भोईरमामा काल धंदा सोडून सापगावला जाऊन आले. जीप घेऊन, डिझेल घालून. पैसे काढले तर रागावले, "माज्याबी आयशीला गाठ व्हती बाय. गप ऱ्हा."

"हातात दिलं?"
"हातात दिलं. उबा ऱ्हाऊन वाचलन. मंग बसून वाचलन."
"काय म्हणाला?"
"काय नाय. मला च्या पाजलीन."

एवढंच. चाळीस किलोमीटर जाऊन चहा. पण दोनदा वाचलन. दोनदा.

९ मार्च, सोम. कल्याण, दवाखाना

भरती केली. बायकांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट. संध्याकाळपर्यंत आईनं आजूबाजूच्या चौघींची चौकशी करून झाली. एकीच्या झंपराची शिवण उसवलेली, सुई मागून शिवून दिली. सिस्टर म्हणतात, आजी, पेशंट आहात की टेलर? डाव्या हातानं शिवलं.

पा.सा. एस.टी.नं आले, सायकल डेपोत ठेवून. वॉर्डात मोठ्यानं प्रार्थना नको म्हणून खाटेशी नुसते उभे राहिले, आईच्या डोक्यावर हात ठेवून. शेजारची बाई, कपाळभर कुंकू, म्हणाली, "मलापण ठेवा हात." ठेवला.

आई घाबरलेली नाही. मी घाबरलेय, आणि तरी आत काहीतरी उड्या मारतंय. नाव देता येत नाही त्याला.

१० मार्च, मंगळवार

उद्या सकाळी दहाला नेणार.

दुपारी शेठच्या दुकानी फोन लावला, शाळेत निरोप द्यायला. शेठ म्हणाले, बरं झालं केलास. सकाळी एक फोन आला होता. नाव सांगितलं नाही. कुठला दवाखाना, कितवा मजला, किती वाजता, एवढंच विचारलं आणि ठेवला. "आवाज धड येत नव्हता गो, मागं मशीन चालू होतं कायतरी."

धावतच जिने चढून वर आले. आईला शेठ बोलले तेवढंच सांगितलं, त्यात माझा एक शब्द घातला नाही. नाव सांगितलं नाही हेही सांगितलं. ती "बरं" म्हणाली. मग म्हणाली, "माझी वेणी नीट घाल. उद्या तिथं केस विस्कटलेले नकोत."

वेणी घालत होते तेव्हा सिस्टर कागद घेऊन आल्या. रक्त देणाऱ्या नातेवाइकांची नावं, दोन. माझं सकाळीच काढून झालं. दुसऱ्यानं उद्या सकाळी आठला यायचं, दुसरी बाटली हाताशी असावी म्हणून, नाहीतर रक्तपेढीतून बघू म्हणाल्या. पा.सा. साठीचे. मामांना साखर. मी पेन घेतलं, पहिल्या ओळीत माझं नाव लिहिलं. दुसरीत लिहिलं, दानिएल साळवे. नातं, मुलगा.

"आठ वाजता येतील ना हे?"
"माहीत नाही," म्हटलं.
"मग नाव कशाला लिहिलंत?"

आई अर्धवट वेणी हातात धरून वळली. "राहू द्या सिस्टर," म्हणाली, "मुलगाच आहे तो माझा."

सिस्टरनी कागद तसाच घेतला. आता सहा वाजलेत. आठ वाजायला चौदा तास आहेत.